पार्किंगमधला स्टर्जन

इथं आखातात, आमच्या करामा भागातल्या बिल्डिंगचे एसी मेकॅनिक दाभोळ खाडीकडचे. या देशात एकही नदी नाही, पण त्यांच्या तोंडी कायम परदेशातल्या मोठ्या नदीतला स्टर्जन मासा. फिल्टर धुतानाही तेच. “तो तळाशी चरतो, साहेब. म्हणून गळाला शिसं जड लावायचं. काठीचं टोक थरथरलं तरी झटका द्यायचा नाही, आधी त्याला आमिष नीट घेऊ द्यायचं.” हे सगळं मोबाइलवर बघून शिकलेलं.

एका रविवारी त्यांनी मला पार्किंगमध्ये उभं करून गळाची दोरी मनगटाला बांधली. “तुम्ही मासा. यल्ला, पळा!”

पन्नाशीतला मी, पोट सावरत गाड्यांमधून पळालो. मी पळालो की ते दोरी सोडायचे, दमलो की हळूच गुंडाळायचे. दहा मिनिटांत मी घामाघूम होऊन त्यांच्या पुढ्यात.

वाटलं, आता हसतील. पण त्यांनी गाठ अलगद सोडली, पाठीवर हात ठेवून मला पुन्हा गाड्यांकडे वळवलं.

“हा मासा ठेवायचा नसतो, साहेब. फार थोडे उरलेत. जावा आता.”

आणि मी खरंच निघालो. घरी जायची लिफ्ट मागेच राहिली, हे पाचव्या गाडीपाशी लक्षात आलं.