खाजणातल्या झाडांचा संग्राहक

आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी मंडळाने स्मरणिका काढायचं ठरवलं आहे. 'यशस्वी माजी विद्यार्थी' या सदरासाठी माझ्याकडे लेख मागितला आणि नमुन्यादाखल दोन लेख पाठवले. दोन्ही गृहस्थांना मी ओळखतो. एकाने चार वर्षं कॅन्टीनमध्ये काढली, दुसऱ्याने प्राध्यापकांच्या घरची भाजी आणून पहिला वर्ग मिळवला. दोघेही 'ज्ञानमंदिरा'बद्दल गहिवरून लिहितात. त्यांना हसायचा मला अधिकार नाही. माझं यश त्यांच्याहूनही स्वस्तात पडलेलं आहे.

स्वातंत्र्यानंतरची पहिली पाच-सहा वर्षं. मी डोंबिवलीचा, कारकुनाचा मुलगा. मुंबईच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं होतं, कारण गणित जमत नव्हतं. माझ्या वर्गात ठाण्याच्या खाडीकाठचा एक आगरी मुलगा होता. त्याचे वडील मिठागरावर राबत. त्याच्या गावातून कॉलेजात आलेला तो पहिलाच. त्याच्या पायांच्या भेगांवरून आमची मुलं हसत. मी हसत नसे, नुसता बाजूला उभा राही, आणि त्यालाच मोठेपणा समजे.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह करावा लागे. ज्याचा संग्रह उत्तम, त्याला विभागात डेमॉन्स्ट्रेटरची जागा मिळणार, असं विभागप्रमुखांनी सांगितलं होतं. हे गृहस्थ सहलीला आले की बुटांना चिखल लागू नये म्हणून बांधावरच उभे राहत आणि छत्रीच्या टोकाने झाडं दाखवत. त्या नोकरीवाचून माझं काही अडणार नव्हतं, काकांनी एका कचेरीत शब्द टाकलेला होता. त्या आगरी मुलाला मात्र ती मिळाली नाही तर मिठागरच होतं.

आम्ही दोघांनी मिळून खाडीतल्या झाडांचा संग्रह करायचं ठरवलं. मिळून म्हणजे असं : ओहोटीला कमरेइतक्या चिखलात तो उतरे आणि तिवर, कांदळ, मारांडीच्या फांद्या कापून आणी. खाऱ्या जमिनीतली पानं मांसल असतात, टिपकागदात दाबली की काळी पडून गळतात. वर्गातल्या सगळ्यांची गळली. त्याने युक्ती काढली. पानं गोड्या पाण्यात धुवायची, क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवायची, मग रद्दीत घालून मिठाच्या गोणीखाली ठेवायची आणि रद्दी रोज बदलायची. त्याच्या घरात वर्तमानपत्र येत नसे. रद्दी माझ्या वडिलांची. एवढाच माझा वाटा, आणि अक्षर. माझं अक्षर चांगलं म्हणून लेबलं मी लिहायची होती. लेबलावर झाडाचं नाव, ठिकाण आणि संग्राहकाचं नाव असतं.

संग्राहक म्हणून मी सगळ्या लेबलांवर माझं एकट्याचं नाव लिहिलं. का, हे मला आजही धड सांगता येत नाही. पहिल्या लेबलावर लिहिलं तेव्हा ते छान दिसलं, एवढंच आठवतं.

त्याला ते कळलं संग्रह मांडला त्या दिवशी. कॉलेजात तो आमच्यासारखं बोलायची धडपड करी. त्या दिवशी केली नाही.

"यान माजा नाव नाय रं."

"जागा नव्हती," मी म्हणालो.

त्याने लेबलाच्या कोऱ्या भागावर अंगठा टेकवला. अख्खा अंगठा मावला. एवढ्यात प्रमुख आले. एकही पान काळं पडलेलं नाही हे पाहून ते खूश झाले आणि ही पद्धत कुणाची म्हणून विचारू लागले. मी पद्धत सांगितली, गोणीसकट. मग त्यांनी त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, यानेही काही केलं का?

"रद्दी बदलायला मदत केली, सर."

त्याने लेबलावरून अंगठा उचलला. प्रमुखांनी त्याची पाठ थोपटली आणि रुमालाने हात पुसला. जागा मला मिळाली.

डोंबिवलीत माझा सत्कार झाला. शाल, नारळ, आणि चिखलात कमळ उगवल्याबद्दल अध्यक्षांचं भाषण. अध्यक्षांनी आयुष्यात चिखल पाहिला असेल तर तो मोटारीच्या चाकाला. मी त्यांच्यापेक्षा वेगळा नव्हतो, फक्त गळ्यात हार होता. तो पास झाला होता, पण पदवी घ्यायला आला नाही. मी मात्र तीस वर्षं मुलांना ती 'माझी पद्धत' शिकवली. विभागात माझ्या नावाचं कपाट आहे.

मंडळाला मी हे सगळं कळवलं. उत्तर आलं की सरांचा विनय आजच्या पिढीला आदर्श आहे, तरी लेख थोडा प्रेरणादायी करून द्यावा.

मग मी त्याला शोधत त्याच्या गावी, माजिवड्याला गेलो. जमिनी विकून त्यांचं आता मोठं घर झालं आहे. तो चार वर्षांपूर्वी गेला. मुलाने आदराने बसवलं, चहा दिला. तुमचे वडील आणि मी एका कॉलेजात होतो, असं मी म्हणालो, तर तो बायकोकडे पाहून हसला.

"नाही हो काका, बाबा कुठले कॉलेजात? ते मिठागरावर मुकादम होते. तुम्ही दुसऱ्या कुणाचं तरी घर शोधताय."

घरात त्याने कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. सांगायची वेळ आता माझी होती. समोर त्याचाच मुलगा बसला होता.

"असेल, माझीच चूक," असं म्हणून मी उठलो.

स्मरणिकेसाठी दुसरा लेख मी देणार नाही. हे पानच त्या मुलाला पाठवतो आहे. तुमचे वडील पदवीधर होते. कपाटातला संग्रह त्यांचा आहे.