गाडी शांत झाली की...

आमचे हे गेले, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "पण गाडी अजून शांत कुठे झालीय?" डॉक्टर बिचारे नर्सकडे बघायला लागले. त्यांना काय ठाऊक आमचा करार!

आमची जुनी गाडी उभ्या जागी पिसाळायची. पाय उचललेला असला तरी इंजिन सुसाट. "रेस घेऊन राहिली," हे म्हणायचे. धरमपेठेच्या सिग्नलला बाइकवरची पोरं विचारायची, "काका, लावायची का?" आणि हे, भूगोलाचे निवृत्त मास्तर, काच खाली करून म्हणायचे, "हिरवा तं होऊ दे गा!"

यांच्या छातीचीही तीच गत. खुर्चीत बसल्या जागी धडधड. डॉक्टरकडे चला म्हणून मी डोकं फोडलं. शेवटी गेल्या पावसाळ्यात एका सकाळी चहाच दिला नाही, तेव्हा बॉनेटमधून मान काढून म्हणाले, "हिची रेस कमी झाली का माही छातीबी डॉक्टरले दाखवतो. तुही शप्पथ वं."

मग काय, निदान सुरू! केबल अडकत नाही, स्क्रू बरोबर आहे, म्हणजे इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढतंय, असा यांचा निष्कर्ष. माझ्या इस्त्रीची पाण्याची बाटली साबणाच्या पाण्यानं भरायचे, एकेका नळीवर फवारायचे आणि मला कान देऊन उभं करायचे. "जिथं आवाज बदलला तिथं चीर. ऐकून राहिली का?" मेकॅनिकचं नाव काढलं की नाक फुगायचं. "काहून? मी मेलो का?" दिवाळी झाली, बाजारात संत्र्यांचे ढीग लागले, घरातल्या कपड्यांना साबणाचा वास लागला... गाडी तशीच पिसाळलेली.

परवा मुलानं विकण्याआधी गाडी साफ करायला घेतली. ड्रायव्हरच्या सीटखाली एक पिशवी सापडली, दुकानाच्या दिवाळीच्या शुभेच्छा छापलेली. आत रबराची नवी नळी, मापात कापलेली. मुलानं बॉनेट उघडलं. "आई, हे पाह्य वं. चीर इथंच आहे. बाबांले सापडली होती."

म्हणजे दिवाळीपासून दुखणं ठाऊक, औषध सीटखाली, आणि मला उन्हात कान देऊन उभं केलेलं! का, तर गाडी बरी झाली की डॉक्टरकडे जावं लागेल. असते समोर तर त्याच नळीनं झोडपलं असतं. भित्रे कुठले! शिव्या देता देता मला रडू फुटलं.

मुलानं नळी बसवली, किल्ली फिरवली आणि उतरून बॉनेटपाशी गेला. इंजिन जरा गुरगुरलं आणि... बसलं. इतकं शांत, की बंद पडलं असंच मला वाटलं. मी पदर खोचला, नेहमीसारखी खिडकीशी वाकले आणि रिकाम्या सीटला म्हणाले, "झाली ना शांत? आता चला."