पाणी उकळलं का?

दारात सायकल टेकवली की आमचे मास्साब नमस्कारसुद्धा करत नसत. सरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी यायचे आणि माझ्या बायकोला विचारायचे, "वहिनी, पाणी उकळलं का?" मग पातेल्याला बाहेरून बोट लावून बघायचे. घाबरट माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण दुसऱ्याच्या घरात येऊन घाबरणारा माणूस मी हा एकच पाहिला.

मास्साब देवासच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. आजोबा संस्थानात कारकून होते, त्यामुळे मराठी जुन्या वळणाचं आणि मध्येच माळव्याचं 'भिया', म्हणजे भाऊ. सत्तरच्या दशकाच्या शेवटी एका परदेशी संस्थेतर्फे तिकडची शाळकरी मुलं वर्षभरासाठी आपल्याकडे राहायला येत. कोणतं मूल कुणाच्या घरी ठेवायचं, हे आमच्या गावापुरतं मास्साब ठरवायचे.

पहिल्या वर्षी त्यांनी मला नाकारलं. सांगलीकडून रिकाम्या हाताने येऊन मी स्वतःचं लेथचं वर्कशॉप उभं केलं होतं, आणि मुलं जायची वकिलांकडे नाहीतर डॉक्टरांकडे. मी त्यांना शाळेच्या फाटकात गाठलं.

"आमच्या घरात काय कमी आहे?"

"कमी नाही, भिया. आपल्याकडं कमोड नाही."

"बसवला तर?"

"विहीर उघडी आहे."

"जाळी टाकतो. पुढे बोला."

"आपला आवाज मोठा आहे. मूल घाबरेल."

"मूल घाबरेल की तुम्ही?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "दोघंही."

मी इंदूरहून भावात दुकानदाराला रडवून कमोड आणला, जाळीही टाकली. पुढच्या जूनमध्ये डेन्मार्कची कारेन आमच्याकडे आली. सोळा वर्षांची, उंच, केस मक्याच्या कणसासारखे. आठवडाभरात ती बायकोच्या मागे मागे फिरू लागली. सकाळी देवपूजेला शेजारी मांडी घालून बसायची, आरतीला टाळ्या वाजवायची.

मास्साबांची फेरी मात्र रोज. एकदा मी भडकलो. "रोज तपासायला हे घर आहे की हॉटेल?"

"दुसऱ्याचं लेकरू आहे, भिया. काही झालं तर तिच्या आईला मी कोणत्या इंग्रजीत सांगू?"

स्वतः ते बाहेर पाण्याचा थेंब घेत नसत. खांद्याला थर्मास. टेकडीवर देवीला गेले तरी थर्मास. लहानपणी त्यांचा धाकटा भाऊ विषमज्वरात गेला होता, हे मला फार उशिरा कळलं.

गणपती उठले आणि कारेनला ताप आला. डॉक्टर टायफॉइड म्हणाले. चौथ्या दिवशी ती माणसं ओळखेना. मी बाजारात कुणाला भ्यालो नव्हतो, पण त्या दिवशी लेथ बंद करून घरी आलो. एवढ्या लांबून भरवशाने पाठवलेली पोर माझ्या घरात मरणार, याशिवाय डोक्यात काही येईना.

भर दुपारी टॅक्सी करून आम्ही तिला इंदूरला नेलं. कारेनचं डोकं मास्साबांच्या मांडीवर. क्षिप्रेचा पूल गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "खरं सांगा, पाणी उकळत होतात ना?"

"पोरांची शपथ घेऊ?"

"नको," ते म्हणाले. "शपथ नको. मला भीती वाटते."

इस्पितळात ती थोडी शुद्धीवर आली. बाहेरचं काही प्यालीस का, असं डॉक्टरांनी विचारलं. तिला शब्द सापडेना. तिने उजव्या हाताचा तळवा खोलगट केला, ओठांना लावला आणि तोच हात केसांवरून मागे फिरवला.

ती खूण मी ओळखली. बायको तिला रोज पूजेनंतर पळीभर तीर्थ देत होती. चुलीवर चढलेलं पाणी देवाला चालत नाही, म्हणून देवाचं पाणी विहिरीतलं ताजं. आम्ही मास्साबांशी खोटं बोललो नव्हतो. तीर्थालाही पाणी म्हणावं, हे आमच्या कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

मास्साबांनी माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाले, "मीच पाजलं. टेकडीखालच्या गाडीवरचं सरबत."

दहा दिवस ती जाते की राहते, कळत नव्हतं. मग ताप उतरला. संस्थेलाही मास्साबांनी तेच कळवलं. संस्थेने काम त्यांच्याकडून काढून घेतलं, कारेनला इंदूरच्या एका कुटुंबात ठेवलं, आणि देवासला पुन्हा कुणी आलं नाही.

मी त्यांना पुन्हा शाळेच्या फाटकात गाठलं. "माझ्यासाठी खोटं बोला, असं मी म्हटलं होतं?"

"आपल्यासाठी नाही, भिया. वहिनींना उद्याही देवापुढं बसायचं आहे."

आयुष्यभर मी प्रत्येक गोष्टीचा भाव केला. या माणसाने मला भाव करूच दिला नाही. तो राग माझ्या मनात अजून आहे.

कारेनची बॅग न्यायला ते सकाळी आले, तेव्हा बायकोची पूजा नुकतीच झाली होती. तिच्या हातात तीर्थाची पळी होती, पण ती पुढे करेना. चेहरा पांढरा पडलेला.

"मास्साब, मला एक विचारायचं होतं. हे तीर्थ..."

त्यांनी तिला पुढे बोलू दिलं नाही. थर्मास खांद्यावरून काढून खाली ठेवला आणि उजवा हात पुढे केला. "द्या वहिनी."

त्यांनी तीर्थ घेतलं, तळवा केसांवरून फिरवला आणि बॅग उचलून निघाले. पातेल्याला बोट लावलं नाही.

पुढचे पंधरा दिवस मी रोज वाट वाकडी करून त्यांच्या गल्लीतून जात होतो. दाराशी सायकल नसली, म्हणजे ते शाळेत गेलेले असले, की माझ्या जिवात जीव यायचा.

निवृत्तीनंतर ते मुलीकडे धारला गेले आणि तिथेच वारले. आमच्याकडे आता सकाळी दोन भांडी गॅसवर चढतात, एक घरासाठी, एक देवासाठी. मी बायकोला कधी काही सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. देवाचं पाणी निवलं का, हे पाहायला ती भांड्याला बाहेरून बोट लावते.