डब्याचा आधीचा रंग

त्यांचं आडनाव काही वेगळंच होतं, पण रेल्वे संग्रहालयात सगळे त्यांना दातेकाका म्हणत. कारण उभा जन्म त्यांनी कवळ्या बनवण्यात घालवला होता. डॉक्टरांकडून जबड्याचे साचे यायचे आणि काका दवाखान्यामागच्या खोलीत बसून एकेक दात घडवायचे. निवृत्त झाल्यावर बायको म्हणाली, "आता रोज माझ्या स्वयंपाकात नाक खुपसणार असाल, तर मीच कुठेतरी नोकरी धरते." म्हणून काका संग्रहालयाची वाट चालू लागले.

तिथे त्यांच्यासारखीच हौशी मंडळी जमत. कुणी इंजिनाचा गंज काढी, कुणी डब्यांची कुजलेली लाकडं बदली. काकांना मिळाली मॉडेलची खोली. शेडमध्ये उभ्या असलेल्या पहिल्या वर्गाच्या लाकडी डब्याची त्यांनी हातभर लांबीची प्रतिकृती केली. आत बाकं, बाकांवर गाद्या, दारांना बोटाच्या नखाहून लहान मुठी, आणि बाहेरून चकाकता चॉकलेटी रंग. लोक काचेला नाक लावून बघत. काका लांबून ते बघत आणि हळूच मिशीत हसत.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपाशी, मग चिमट्याशी. चिकटवलेला दिवा तिरका बसला, तेव्हा काका म्हणाले, "गोंदच पातळ आलाय." दुसऱ्यांदा म्हणाले, उजेड कमी आहे. शेजारच्या टेबलावर एक निवृत्त नर्स बाई इवल्या प्रवाशांची तोंडं रंगवत असत. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. त्या नुसत्या बघत राहिल्या. एक दिवस नव्या मॉडेल-इंजिनाचं धुराडं काकांच्या चिमट्यातून निसटून फरशीवर पडलं आणि मोडलं. काकांनी टेबल आवरलं, डोळे दुखतात असं सांगितलं, आणि यायचंच बंद केलं.

घरी त्यांनी बायकोलाही गोंदाचीच कथा सांगितली. "नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणाली. पण त्यांच्या कपाखाली बशी धरताना तिचा आवाज मऊ झाला होता.

आणि एका सकाळी सिस्टर दारात उभ्या.

"हात दाखवा," त्या बसायच्या आधीच म्हणाल्या.

"हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"काका, मी जन्मभर थरथरते हातच धरले. उगाच सोंग करू नका."

काकांनी हात पुढे केला. सिस्टरनी तो धरला, बोटं फाकवून बघितली, आणि डॉक्टरांकडे जायला लावलं. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही; गोळ्यांनी कमी होईल, पण जाणार नाही. काका घरी येऊन बराच वेळ खिडकीशी बसले. ज्या हातांनी परक्या माणसांच्या तोंडात हसू बसवलं, ते आता सुईत दोराही ओवू शकणार नव्हते.

"शेडमध्ये या," सिस्टर पुन्हा घरी येऊन म्हणाल्या. "मोठ्या डब्याचा रंग खरवडायचाय. तिथे हात हलला तरी लाकूड तक्रार करत नाही."

काका गेले. जड पत्ती दोन्ही हातांनी दाबून खरवडू लागले. पोपडे पायाशी पडत होते. कपडे माखत, खांदे भरून येत, आणि घरी जेवण मात्र दुप्पट जाई. मॉडेलच्या खोलीवरून जाताना ते मान वळवत नसत.

दाराच्या बिजागरीमागे, जिथे कुणाचा ब्रश कधी नीट पोचलाच नव्हता, तिथे चॉकलेटी थराखाली हिरवा रंग निघाला. गर्द, पानासारखा. काकांनी दुसरं दार बघितलं, खिडकीची चौकट बघितली. सगळीकडे तेच. म्हणजे डबा मुळात हिरवा होता, चॉकलेटी त्याला पुढे केव्हातरी फासलेला. आणि काचेतलं त्यांचं मॉडेल, गाडी नवी असतानाचं म्हणून मांडलेलं, साफ चुकलेलं!

ते पायरीवर बसले. आसपास कुणी नव्हतं. पत्ती आणखी जरा जोरात चालवली, तर हिरवा रंगही पोपड्यांबरोबर खाली जाईल आणि कुणाला कळणारही नाही. काकांनी पत्ती खाली ठेवली आणि सिस्टरना हाक मारली.

सिस्टरनी बिजागरीमागे डोकावून पाहिलं. "मग आता?"

"आता माझं मॉडेल हिरवं करायचं. तुम्ही."

"मी तोंडं रंगवते हो. तुमचा डबा बिघडवला तर?"

"बिघडलेलाच आहे."

मॉडेल काचेतून बाहेर आलं. सिस्टर रंगवायला बसल्या आणि काका शेजारच्या स्टुलावर, दोन्ही हात मांडीखाली दाबून. पहिल्याच खिडकीशी रंग जरा ओघळला. तोंडापर्यंत आलेलं वाक्य काकांनी गिळलं. दुसऱ्या खिडकीला मात्र राहवेना. "ब्रश थोडा कोरडा करून बघा," ते म्हणाले. सिस्टरनी केला. तिसरी खिडकी सुरेख आली, आणि काकांना आधी जरासं दुखलं, मग बरं वाटलं.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "काय केलंत आज?"

"बघत बसलो."

"एवढंच?"

"फार दमलो गं," काका म्हणाले. "उद्यासाठी एखादा जुना शर्ट काढून ठेव. मोठ्या डब्याच्या छताला हात घालायचाय."