ट्रॅमेलसाहेबांची हनुवटी

आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी वर्डेल मॅप वीसेक वर्षं काउंटीच्या कोर्टात वकिली करत होती, आणि तेवढीच वर्षं तिला कोणी ना कोणी विचारत होतं, बाई, तुमचा वकील कुठाय? तिनं सूट बदलले, केस सरळ केले, पुन्हा कुरळे सोडले. काही उपयोग नाही. शेवटी तिनं ठरवलं, न्यायाधीशच व्हायचं. उंच खुर्चीत बसलेल्या बाईला तरी कोणी आरोपीची बहीण समजणार नाही, असा बिचारीचा हिशोब.

आमची निम्मी काउंटी वर्डेलसारखी काळी. आरोपींच्या बाकावर तर निम्म्याहून जास्तच. उंच खुर्चीत मात्र आजवर एकही नाही. म्हणजे न्यायाधीश लोकांच्या मतांनीच निवडायचा, निवडणूक आहे हो, फक्त होत नाही. जॉर्जियात आमच्याकडे रीतच पडलीये, न्यायाधीश मुदत संपायच्या जरा आधी तब्येतीचं कारण सांगून राजीनामा देतो. मग निवडणूक रद्द, आणि गव्हर्नर आपल्यातलाच कोणीतरी नेमतात. इकडे आजारी माणूस आठवड्याच्या आत तळ्यावर मासे धरत बसलेला.

यंदा पाळी ट्रॅमेलसाहेबांची. वर्डेलनं तरीही अर्ज भरला आणि चर्चमध्ये वाटायला पुठ्ठ्याचे पंखे छापले. एका बाजूला तिचा हसरा चेहरा, दुसऱ्या बाजूला खर्च उचलणाऱ्या अंत्यसंस्कारवाल्याची जाहिरात. चर्चमधल्या म्हाताऱ्या ओझेलाबाई म्हणाल्या, "सिस्टर मॅप, मत तुलाच. पण पंखा उलटा झाला की जरा धस्स होतं."

राजीनामा येणार हे सगळ्यांनी धरलंच होतं. पण साहेबांना हौस नडली. निवृत्त होणाऱ्याची तसबीर कोर्टाच्या भिंतीवर लागते, आणि ती आपण खुर्चीत असतानाच लागावी हा त्यांचा हट्ट. चित्रकारानं चेहरा हुबेहूब काढला, तिथंच घोटाळा झाला. साहेबांनी हनुवट्या मोजल्या आणि तसबीर परत पाठवली. एक हनुवटी गेली, तर केस विरळ वाटायला लागले. पुन्हा परत. एकदाची मनासारखी तसबीर भिंतीवर चढली, सगळ्यांनी बार्बेक्यू हाणलं, आणि साहेबांनी खिशातून राजीनामा काढला. कोर्टाच्या कारकूनबाई अदबीनं म्हणाल्या, द्या की साहेब, पण निवडणूक रद्द करायची मुदत टळली, आता ती होणारच.

घाईघाईनं साहेबांचा भाचा उभा केला. चर्चच्या चर्च पंखे हलवत मतदानाला लोटली, आणि भाचा आपटला.

पहिल्या दिवशी वर्डेल काळा झगा हातावर टाकून मागच्या दारानं शिरली, तर तिचा जुना ओळखीचा शिपाई कर्टिस आडवा आला. मत त्यानंही तिलाच दिलं होतं. पण सवय!

"वर्डेल, वकिलांनी पुढच्या दारानं. हे दार जजसाहेबांचं."

तिनं शांतपणे झगा चढवला. "कर्टिस, आत जा आणि सगळ्यांना उठून उभं राहायला सांग. कोणासाठी, ते वाटेत आठवेल."

आठवलं. कर्टिसनं अशी आरोळी ठोकली की तसबिरीतली हनुवटीसुद्धा थरथरली असेल. सगळे उठले; जज बसेपर्यंत कोणी बसायचं नाही. वकिलांच्या बाकावरचा भाचा मात्र कोटाची बटणं लावत, सावकाश.

वर्डेल उंच खुर्चीपाशी उभीच राहिली, त्याचं शेवटचं बटण लागेपर्यंत.