रिकाम्या डब्यावरची प्रार्थना

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अधूनमधून साक्षीची उपासना असते. ज्याला प्रभूनं काही दिलं तो उठून पुढं जातो आणि सांगतो. कुणाचा ताप उतरलेला असतो, कुणाला नोकरी लागलेली असते. मी कॉलेजात जायला लागल्यापासून पाळकसाहेब मला म्हणतात, "तू शिकतोस, तुझी साक्ष ऐकू दे एकदा." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळं मला बोलता येत असणार असं सगळ्यांना वाटतं. मी मान खाली घालून बसून राहतो. माझ्या साक्षीत आजारी माणूस बरा होत नाही, म्हणून उठवत नाही. लिहून तरी जमतं का, ते पाहतो.

बाबांना नाशिक रोडला मालधक्क्यावर काम मिळालं आणि आम्ही सायखेड्याकडचं गाव सोडून इथं आलो. मी नववीत होतो. गावी ख्रिस्ती घरं थोडी, पण सगळ्यांना सगळे ठाऊक होते. इथल्या शाळेच्या वर्गात मी एकटाच. आईनं एकच गोष्ट बजावली होती. डबा उघडला की आधी डोळे मिटून आभार मानायचे, मग घास. "मोठ्यानं नाही म्हटलंस तरी चालेल," ती म्हणाली होती, "पण चोरून म्हणू नको." मी म्हणू लागलो, आणि पहिल्याच आठवड्यात माझं नाव 'फादर' पडलं.

डोळे मिटले की डब्यातलं काहीतरी जायचं. बहुतेक वेळा लोणच्याची फोड. नेणारा कैलास. तो नामपूरकडचा, मामाकडं राहून शिकत होता, आणि त्याच्या बोलण्यातली अहिराणी ऐकून पोरं त्याचीही नक्कल करायची. बहुधा म्हणूनच मी मिळाल्यावर त्याला हायसं वाटलं असावं. "फादर, डोया उघड! तुनं लोणचं गयं!" असं तो ओरडायचा आणि सगळा वर्ग हसायचा. एकदा मी आईला म्हटलं, डोळे उघडे ठेवून प्रार्थना केली तर नाही का चालणार? ती हसली आणि दुसऱ्या दिवशी तिनं दोन फोडी घातल्या.

त्या पावसाळ्याच्या शेवटी आईच्या पोटात पाणी साठू लागलं. पाय सुजले, जिना चढवेना. तिला नाशिकच्या सरकारी दवाखान्यात ठेवलं. बाबा पहाटेच धक्क्यावर जायचे आणि रात्री तिच्यापाशी झोपायचे. मी शाळा सुटली की बस धरून तिच्याकडं जायचो. सुरुवातीला मंडळीतल्या बायकांनी आळीपाळीनं जेवण पाठवलं. पण आजार लांबला, प्रत्येकीला आपापलं घर होतं, आणि पाठवणं हळूहळू थांबलं. त्यांना मी दोष देत नाही. आम्ही सांगितलंच नाही. बाबा म्हणायचे, "आपन नवं मानूस. लय मागू नाय." संध्याकाळी दवाखान्यात बाबा पाव किंवा भजी आणायचे, ते आम्ही दोघं खायचो. सकाळी चूल पेटायची नाही. मला भाकरी थापता येत नव्हती. बाबांना वाटायचं मी काहीतरी करून नेत असेन, आणि तसंच वाटू द्यावं असं मला वाटलं.

आई रोज विचारायची, "डबा नेलास ना? आभार मानलेस ना?" नाही म्हटलं असतं तर ती खाटेवरून उठायला निघाली असती. आणि खोटं बोलायचं, तेही प्रार्थनेबद्दल, आणि तिच्याशी, हे मला जमणारं नव्हतं. म्हणून मी रिकामा डबा घासून पुसून शाळेत नेऊ लागलो. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागं एकटा जाऊन बसायचो. झाकण काढायचो, डोळे मिटायचो. आमची प्रार्थना ठरलेली होती: 'प्रभू, या अन्नाबद्दल...' पहिल्या दिवशी 'या' म्हटलं आणि पुढं शब्दच येईना. ही देवाची थट्टा तर होत नाही ना, अशी भीती वाटली. मग वाटलं, थट्टा असलीच तर त्यानंच आधी सुरू केली आहे. आई बरी व्हावी म्हणून मी सकाळ-संध्याकाळ गुडघे टेकत होतो, आणि तिचे हात काटकीसारखे आणि पोट घागरीसारखं होत चाललं होतं. तरी मी आमेन म्हणून झाकण लावायचो. संध्याकाळी आईला 'हो' म्हणायचो, आणि ते खरं असायचं. तेवढ्या एका 'हो'साठी मी प्रार्थना करत होतो. श्रद्धा म्हणावी असं माझ्यात काही उरलं नव्हतं.

मी वर्गात डबा खात नाही हे कैलासच्या लक्षात आलं. "फादर मटण आणस वाटतं! एकटाच हाणस!" असं तो वर्गात म्हणाला. एके दिवशी डोळे मिटलेले असताना टाकीच्या पलीकडून चपला वाजल्या. मी ओळखलं. डोळे उघडले नाहीत. म्हटलं, ये, आज काय नेतोस ते बघू. पावलं अगदी जवळ येऊन थांबली. मग हळूच मागं गेली. आता वर्गाला कळणार, वर्गाकडून मास्तरांना, मास्तरांकडून बाबांना. त्या दुपारी मी फळ्याकडं पाहिलंच नाही. पण वर्गात कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथं गेलो, कारण संध्याकाळी आई विचारणार होती. डोळे मिटले. पुन्हा त्याच चपला. डब्यात मऊसं काहीतरी पडल्याचा आवाज झाला. डोळे उघडेपर्यंत तिथं कुणी नव्हतं. डब्यात घडी घातलेली काळपट, जाड भाकरी होती आणि तिच्या पोटात ठेचा. ज्वारीत उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी. आमच्या वर्गात ती एकाच डब्यात यायची.

ती भाकरी मी रडत खाल्ली. का रडतोस असं कुणी विचारलं असतं, तर ठेचा तिखट होता असं सांगता आलं असतं. पण कुणी विचारलं नाही. त्यानंतर रोज भाकरी येत राहिली. वर्गात तो मला 'फादर'च म्हणायचा, चिडवायचा, आणि टाकीमागं आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नाही.

एका संध्याकाळी आईनं नेहमीपेक्षा वेगळं विचारलं, "काय होतं रे आज डब्यात?"

"कळण्याची भाकरी."

"आपल्यात कोण करतं ती?"

मग मला सगळं सांगावं लागलं. रिकामा डबासुद्धा. ती रागावेल असं वाटलं. पण ती म्हणाली, "लोणचं नेणारा तोच ना? राहू दे. त्याच्या मामीच्या हाताला बरकत दे म्हणावं प्रभूला." तिनं डोळे मिटले. स्वतःसाठी ती काय मागते ते मी कान देऊन ऐकत होतो. तिनं काहीच मागितलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती गेली. मंडळीनं गीतं गायली, पाळकसाहेब पुनरुत्थानाबद्दल बोलले. मला काही ऐकू आलं नाही. शाळेत परत गेलो ते घरात बसवेना म्हणून. मधल्या सुट्टीत सवयीनं टाकीमागं गेलो. आता विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून झाकणही काढलं नाही. कैलास आला. या वेळी समोरून आला आणि समोरच बसला. त्यानं स्वतःचा डबा उघडून दोघांच्या मध्ये ठेवला.

"म्हन ना तुनं. भूक लागनी."

मला तोंड उघडता येईना. तो वाट बघत राहिला, मग त्यानं स्वतःच डोळे मिटले, अगदी गच्च, लहान पोरासारखे. थोड्या वेळानं डोळे न उघडताच म्हणाला, "झायं का?"

"नाही."

"मग व्हऊ दे."

घंटा झाली. पोरं वर्गात पळाली. तो हलला नाही. मी एक शब्दही बोललो नाही, आतसुद्धा नाही. शेवटी कैलासच म्हणाला, "आमेन," आणि भाकरी मोडून अर्धी माझ्या हातात दिली.

आई का वाचली नाही, हे मला आजही कळलेलं नाही. कळलं असं मी कुणाला सांगणार नाही. पूर्वी मला वाटायचं, स्वतःला प्रभूच्या स्वाधीन करणं म्हणजे आपण मागायचं आणि त्यानं द्यायचं. आता वाटतं, ते डबा उघडा ठेवून डोळे मिटण्यासारखं आहे. त्यातून काय जाईल आणि त्यात काय येईल, ते आपल्या हाती नसतं. माझ्या डब्यातून आई गेली. आणि ज्या दिवशी मला प्रार्थना करता आली नाही, त्या दिवशी माझ्यासाठी कुणीतरी डोळे मिटून बसलं होतं. त्याबद्दल, प्रभू, मी तुझे आभार मानतो. त्या दिवशीचं आमेन माझं राहून गेलं होतं. ते आज इथं म्हणतो.