जून नावाची मुलगी

पोशेऱ्याच्या शाळेत मी पहिलीचा वर्ग घेते. इथं वारावरून नाव ठेवायची रीत अजून थोडीफार आहे. सोमवारची सोमी, बुधवारचा बुध्या. यंदा मात्र एक मुलगी आली, तिचं नाव जून.

मला वाटलं, जून महिन्यातली असेल. पण तिचा जन्म ऐन थंडीतला. पोरांनी तर पहिल्याच आठवड्यात तिची ‘जून भेंडी’ करून टाकली. मला राहवेना. आई तिला न्यायला आली तेव्हा विचारलं, “हे नाव कुठून सुचलं?”

“माला नाय सुचलं, बाई. आमी ठाण्याला बांधकामावर व्हतो. शेजारच्या झोपडीत नेपाळची बाई. बाळंतपण तिनंच केलं. पोरीला हातात घेतली नि बोलली, जून! काय गोड बोलली. मंग मी तेच ठेवलं.”

“त्याचा अर्थ?”

“ती नवीनच आलेली, हिंदी येत नव्हती. कोनाला इचारणार?”

रविवारी मी जव्हारला बाजाराला गेले. स्टँडजवळ चायनीजची गाडी लावणारा माणूस नेपाळचा. त्याला विचारलं तर त्यानं गॅस बारीक केला आणि हसला.

“जून? हमारे यहाँ चाँद को बोलते हैं. चाँदनी को भी.”

दुसऱ्या दिवशी आईला हे सांगितलं. ती व्हरांड्यातच खाली बसली.

“चांद? पन बाई, ही तर आवसेची.”

मग तिनं सांगितलं. गावाहून सासूचा फोन आला होता : अमावास्येची पोर, तिला आवशीच म्हणा. हिला ते नाव नको होतं, पण दुसरं सुचतही नव्हतं. “बाहेर समदा काळोख. त्या बाईला दिसत नव्हतं व्हय? तरी जून बोलली.” तिनं लेकीकडे असं पाहिलं, जणू आताच कुणी तिच्या हातात दिली होती.

जाता जाता ती परत वळली. तिच्या नणंदेचे दिवस भरत आले होते; नागली कापायच्या दिवसांत येणाऱ्या त्या बाळालाही तिला तिकडचंच नाव हवं होतं. “त्या गाडीवाल्याला इचारा ना, नागलीला काय बोलतात?”

पुढच्या रविवारी विचारलं. नागलीला, म्हणजे नाचणीला, ते कोदो म्हणतात. ऐकून ती खळखळून हसली. “नको बाई! आमच्याकडं कोदरा येगळा. तो खाऊन चक्कर येते.”

नणंदेला मुलगी झाली. तिचं नाव अजून ठरायचंय.